घोडा शिकवताना या चुका टाळा, आणि २१ दिवसांचं वेड सोडा

दत्तजयंती झाली की पुढचे दोन महिने माझा, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याचा, फोन थांबत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून हौसेनं घोडी आणलेली असते, गावात पेढे वाटून झालेले असतात, स्टेटसला फोटो लावून झालेले असतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फोन येतो. "काका, घोडी चावते." "काका, खोगीर ठेवू देत नाही." "काका, फसवलं हो त्यानं, बाजारात तर गरीब गाय होती!"

बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. घोडी खरंच शांत होती. तिला गेल्या महिन्याभरात कुणीतरी बिघडवलंय, आणि तो कुणीतरी माझ्याशी फोनवर बोलत असतो. त्याच त्याच चुका निस्तरून मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सोडायचं कधी, हेच माहीत नसणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ही करणाऱ्याला आपण काही केलंय हेही कळत नाही.

घोडा दोरी ओढल्यानं शिकत नाही, टाच मारल्यानंही शिकत नाही. दोरी ढिली पडते, टाच बाजूला होते, त्या क्षणी तो शिकतो. दोरीला हलका ताण दिला, त्यानं अर्धं पाऊल पुढे टाकलं, ताण लगेच गेला: झालं, त्याला कळलं की पाऊल टाकलं की सुटका. तुम्ही ताण दोन सेकंद उशिरा सोडलात तर तोवर त्यानं मान झटकलेली असते, आणि मान झटकली की सुटका होते हा धडा त्यानं घेतलेला असतो. शिकवता तुम्हीच, फक्त भलतंच.

घोड्याला एवढं बारीक कळतं का, असं विचारणाऱ्यांना मी बर्लिनच्या हान्सची गोष्ट सांगतो. हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून द्यायचा, बघायला गर्दी लोटायची. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकानं दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचा ताण नकळत उतरायचा, डोकं किंचित हलायचं, आणि तेवढं बघून घोडा थांबायचा. विचारणाऱ्यांना स्वतःलाही आपण हललो हे ठाऊक नव्हतं. आता ज्या जनावराला तुमचं डोकं केसभर हललेलं दिसतं, त्याला तुम्ही लगाम कधी सोडलात हे कळणार नाही होय?

इंदापूरकडच्या एका ऊसवाल्या पोराची घोडी माझ्याकडे आली होती. चार दाती म्हणजे साडेतीन वर्षांच्या पुढची, कुमैत म्हणजे लालसर तपकिरी, चालीला देखणी. हा रोज संध्याकाळी तिला कॅनॉलपर्यंत न्यायचा. एक दिवस ती पुलाच्या अलीकडे थांबली. यानं दोन-चार टाचा मारल्या, ती हलेना. डेअरीला दूध घालायची वेळ झालेली, म्हणून हा उतरला, तिला हातात धरून घरी आणली, खोगीर काढलं, चंदी म्हणजे दाणा दिला.

घोडीच्या बाजूनं बघा. थांबले, तर पाठीवरचं ओझं उतरलं. घर आलं. वर हरभरा मिळाला. एवढी मोठी बक्षिसी कुणी तुम्हाला दिली तर तुम्ही काय कराल?

दुसऱ्या दिवशी ती पुलाच्या बरीच अलीकडे थांबली. बाराव्या दिवशी ती फाटकातून बाहेर पडेना. मग यानं कुणाचातरी व्हिडिओ बघून चाबूक आणला. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली, हा पाठीवर पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. घोडी माझ्याकडे आली तेव्हा पोराचा हात झोळीत होता आणि तोंडात एकच वाक्य: "काका, ही अडेल आहे."

घोडा का अडला, तर न फिरवल्यामुळे, हे बिरबलाचं उत्तर आपण लहानपणापासून ऐकतो. मी पाहिलेले अडणारे घोडे मात्र फिरवता फिरवताच अडलेत. चुकीच्या जागी उतरून अडलेत.

मी पहिल्या दिवशी तिच्यावर बसलो नाही. त्याचंच खोगीर चढवलं, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा आवळला आणि उन्हात हातानं फिरवत राहिलो, चांगला घाम येईपर्यंत. मग खोगीर उचललं. सगळी पाठ ओली, आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा कोरडा ठिपका. खोगीर तिथं इतकं रुतत होतं की घामच फुटला नव्हता. बोट ठेवलं तर कातडी थरथरली, कान मागे गेले. त्याच जागी दहा-बारा पांढरे केस उगवलेले होते, म्हणजे दुखणं आधीच्या मालकापासूनचं. पुलाजवळ ती माज करत नव्हती, पाठ दुखते म्हणत होती. थांबल्यावर काय मिळतं, ते तिला नंतर आपण शिकवलं.

म्हणून वागणं बिघडलं की माझा क्रम ठरलेला आहे: पाठ, तोंड, पाय, आणि मग स्वभाव. खोगिरासाठी साधी खूण आहे. तुम्ही बसलेले असताना समोरच्या कमानीखाली दोन-तीन बोटं उभी गेली पाहिजेत. ती जात नसतील तर खाली जाड घोंगडी घालून भागवू नका. खोगीर बदला. महाग आहे, मला माहीत आहे. हाडवैद्यही महाग आहे.

दोन आठवडे तिची पाठ उघडी ठेवली. पुढचे तीन आठवडे रोज तेवढंच काम. ती थांबली की मी उतरत नव्हतो, मारतही नव्हतो. लगाम एका बाजूला घेऊन तिची मान थोडी वळवायची, म्हणजे तोल सांभाळायला तिला पाय हलवावाच लागतो. पाय हलला की हात ढिला, टाच बाजूला, मानेवर थाप. पहिल्या दिवशी फाटकापासून बाभळीपर्यंतचीच मजल मारली, आणि ती थांबायच्या आत मीच तिला वळवली. वळायचं कुठं हे माणसानं ठरवायचं असतं. पुढे बाभळीपाशी उतरायचं, तंग सैल करायचा, दहा मिनिटं चरू द्यायचं. तबेल्याजवळ आल्यावर मात्र गोल फिरवून काम घ्यायचं. आठवड्याभरात तिचा हिशेब उलटा झाला, आराम लांब आणि कष्ट घराजवळ. ही माझी सवय आहे, पुस्तकातली रीत असेल-नसेल. आजही मी कुठलाही घोडा तबेल्याच्या दारात उतरून सोडत नाही.

दोरी हाताला गुंडाळणं

हे मी दुसऱ्यांना सांगतो, पण ही चूक माझी आहे.

मी शिकत होतो तेव्हा मला शिकवणारे चाचा रोज एकदा तरी ओरडायचे, दोरी गुंडाळू नको म्हणून. जुने चाबूकस्वार, बोलायला फटकळ. मला वाटायचं, म्हातारं उगाच किरकिर करतंय. गळितहंगाम होता. एक पाच वर्षांचा शांत घोडा मी रस्त्याच्या कडेनं नेत होतो, आणि मोरखीच्या, म्हणजे तोंडावर बांधायच्या साजाच्या, दोरीचे दोन वेढे तळहाताला. हात मोकळे राहावेत म्हणून. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीवरची ताडपत्री सुटून फडफडत होती. घोडा बुजला आणि नांगरटीत उधळला.

वेढा आवळतो तेव्हा तो सोडता येत नाही, हे कळायला अर्धा क्षण लागतो, आणि तोवर तुम्ही आडवे झालेले असता. तीसेक पावलं ढेकळांतून फरफटलो. दोरी तुटली म्हणून वाचलो. करंगळी आजही सरळ होत नाही, चहाचा कप धरला की ती एकटीच बाहेर राहते आणि पाहुण्यांना वाटतं मी रुबाब करतोय.

चाचांनी दवाखान्यात येऊन पहिलं विचारलं, "घोडा सापडला का?"

दोरीच्या उरलेल्या भागाच्या नागमोडी घड्या घालायच्या आणि घड्या मुठीत मधोमध धरायच्या. ओढ बसली तर घड्या एकेक करून सुटतात. बांधतानाही सुटणारी गाठ, एका हिसक्यात मोकळी होईल अशी, आणि कधीही फाटकाला किंवा हलत्या वस्तूला नाही. गळ्यातलं फाटक घेऊन पळणारा घोडा मी एकदा पाहिलाय. पुन्हा बघायचा नाही.

मोरखी घालून, ढिल्या दोरीवर, शेजारी शेजारी चालणं. थांबलो की थांबणं. दोन पावलं मागे सरकणं. महिनाभर एवढंच करा म्हटलं की नवशिक्यांची तोंडं उतरतात. त्यांना लगेच वर बसायचं असतं, आणि बसल्या बसल्या रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न बसणारी झपझप चाल हवी असते. जमिनीवर तुमचं न ऐकणारा घोडा पाठीवरून ऐकेल, असं कुणी सांगितलं यांना?

भराभर सांगण्यासारख्या चुका

समोरून थेट कपाळाकडे हात नेणं. घोड्याला जवळपास चहूबाजूंचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं जा, आधी आवाज द्या, मग हात लावा.

तंग एका दमात आवळणं. आधी नुसता लागेल एवढा, चार पावलं चालवा, मग एक भोक, बसण्याआधी आणखी एक.

काम नाही आणि चंदी दोन वेळा पोटभर. मग घोडी नाचते म्हणून तक्रार. चारा भरपूर द्या, दाणा कामाच्या हिशेबानं. घोड्याला उलटी करता येत नाही. जास्त झालेला दाणा बाहेर पडायला वाटच नसते, आणि पोटशुळानं रात्रीत घोडं जातं.

गूळ हातानं भरवणं. चावणारी निम्मी घोडी अशी तयार होतात. टोपल्यात टाका.

तोंडावर मारणं. यावर मी काही लिहीत नाही, अशा माणसाचा घोडा मी घेतही नाही.

नालबंदाच्या हातून पहिल्यांदा पाय उचलून घेणं. तो बिचारा मजुरीला आलेला असतो, लाथ खायला नाही. खुरांची कापणी सहा ते आठ आठवड्यांनी लागतेच, त्याआधी महिनाभर रोज खरारा करताना तुम्ही पाय उचला. आणि इथंही तेच, पाय झटकत असताना सोडायचा नाही. तो शांत राहिला, मोजून दोन श्वास, की तुम्ही हळूच खाली ठेवायचा.

२१ दिवसांत तयार

हल्ली अशा जाहिराती दिसतात. एकवीस दिवसांत घोडा चालीला, एकवीस दिवसांत नाचाला. मान खाली बांधून ठेवा, एका बाजूचे पाय दोरीनं जोडा, तोंडात काटेरी कडियाळं, म्हणजे लगामाचं लोखंड, घाला. होतो की तयार. घाबरलेला घोडा फार लवकर तयार होतो, आणि एक दिवस भर मिरवणुकीत सगळं एकदम विसरतो. काटेरी कडियाळ्याला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या सरकारी नियमांनीच बंदी आहे, तरी बाजारात उघड्यावर मिळतं. हात जड असेल तर काटे नसलेलंही टोचतं आणि हात हलका असेल तर साधी कडी पुरते, म्हणून लोखंड बदलण्याआधी हात बदला असं मी सांगतो. पुन्हा, तोंड बघा. वरच्या दाढेच्या पुढे कधीकधी एक छोटा टोकदार दात असतो, कडियाळं त्याला लागलं की घोडा मान फेकतो. पशुवैद्य तो काढून देतो. अशा घोड्याला जेरबंद, म्हणजे मान वर जाऊ न देणारा पट्टा, बांधून मान खाली आणणारे महाभाग मी पाहिलेत.

वयाचंही तेच. दोन वर्षांचं शिंगरू उंचीनं घोड्याएवढं दिसतं आणि लोक बसतात. पुढच्या गुडघ्यावरचं हाडच अडीच वर्षांच्या आसपास पक्कं होतं, आणि पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. मी तीन पूर्ण झाल्याशिवाय वर कुणाला बसवत नाही, आणि चौथं सरेपर्यंत हलका माणूस, थोडा वेळ. तोंड उघडून बघा, पुढचे मधले दोन दुधाचे दात पडले नसतील तर विकणारा काहीही म्हणो, अडीच झालेले नाहीत.

परवाच एकाचा फोन आला. दोन वर्षांचं शिंगरू घेतलंय, पांढरंशुभ्र, फेब्रुवारीत भावाचं लग्न, नवरदेव त्याच्यावरच बसवायचा, बँड आणि फटाक्यांसकट. "काका, दोन महिने आहेत हातात. पैशाचं बघू." मी म्हटलं, बाबा, यंदा भाड्याची घोडी आण. तुझं घोडं वरातीमागून येऊ दे, दोन वर्षांनी आलं तरी चालेल.

त्यानं फोन ठेवला. बहुतेक एकवीस दिवसवाल्याला लावला असेल.