इन-नेटवर्क हॉस्पिटल, तरी डॉक्टरचं वेगळं बिल? चेक लिहिण्याआधी हे करा

बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. हॉस्पिटल इन-नेटवर्क, म्हणजे आमच्या विमा कंपनीशी करार असलेलं, सर्जनही इन-नेटवर्क. दोन्हीकडे फोन करून मी आधीच खात्री करून घेतली होती. तरी एका शनिवारी टपालपेटीत खिडकीचं पातळ पाकीट आलं: ॲनेस्थेशिया, १,९४० डॉलर. या भूलतज्ज्ञाला मी पाहिलंही नव्हतं. बायकोने पाहिलं ते झोप लागेपर्यंतच.

अमेरिकेत हे घडतं, कारण हॉस्पिटलच्या आत काम करणारा प्रत्येक डॉक्टर हॉस्पिटलचा नोकर असतोच असं नाही. भूल देणारे, एक्स-रे वाचणारे, पॅथॉलॉजीवाले, ईआरमधले (इमर्जन्सी विभागातले) डॉक्टर बऱ्याचदा वेगळ्या ग्रुपचे असतात आणि त्यांचं बिलही वेगळं येतं. हॉस्पिटलचा आपल्या विमा कंपनीशी करार असला, तरी त्या ग्रुपचा असेलच याची खात्री नाही.

आपल्यातल्या बहुतेकांची सवय ठाऊकच आहे: कटकट नको, क्रेडिट स्कोअर बिघडायला नको, भरून टाका. इथे नेमकं तेच करायचं नाही.

आधी कायदा, थोडक्यात

१ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत 'नो सरप्रायझेस ॲक्ट' लागू आहे. नोकरीतून मिळालेला, सरकारी विमा-बाजारात (मार्केटप्लेसवर) घेतलेला किंवा स्वतः विकत घेतलेला नेहमीचा आरोग्य विमा असेल, तर तीन ठिकाणी हा कायदा आपल्या बाजूने उभा राहतो: इमर्जन्सी उपचार (हॉस्पिटल कुठलंही असो), इन-नेटवर्क हॉस्पिटलात आउट-ऑफ-नेटवर्क डॉक्टरने केलेलं काम आणि हवाई ॲम्ब्युलन्स. या तिन्हींत आपण फक्त इन-नेटवर्क दराने होणारा आपला वाटा देणं लागतो आणि तो डिडक्टिबलमध्ये (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची वर्षाची रक्कम) धरला जातो. उरलेल्या पैशांचं भांडण डॉक्टर आणि विमा कंपनीचं. त्यांनी आपसात कामकाजाचे ३० दिवस बोलावं, नाही जमलं तर लवादाकडे जावं.

रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र या केंद्रीय कायद्यात नाही. घरून हॉस्पिटलला जाण्यासाठी सर्वात जास्त लागणारी गाडी तीच. काही राज्यांचे त्यासाठी स्वतःचे नियम आहेत, ते तपासा.

बिल आल्यावर

पहिलं काम म्हणजे थांबणं. विमा कंपनीकडून 'एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स', म्हणजे ईओबी, येईपर्यंत एक डॉलरही भरू नका. त्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं म्हणून लोक तो कागद रद्दीत टाकतात. अख्ख्या प्रकरणातला सर्वात कामाचा कागद तोच.

मग जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि तारीख, डॉक्टरचं नाव, प्रत्येक ओळ जुळवा. ईओबीच्या शेवटी 'तुम्ही देणं लागता' अशा अर्थाचा आकडा असतो. आमच्या ईओबीवर तो २१२ डॉलर होता, बिलावर १,९४०. ईओबी आलाच नसेल, तर डॉक्टरच्या ऑफिसने क्लेम पाठवलाच नसण्याची किंवा जुन्या कार्डावर पाठवल्याची शक्यता आहे. तसं असेल तर एका फोनवर काम होतं.

यानंतर बिलिंग ऑफिसला फोन. ओळ-न्-ओळ तपशीलाचं बिल मागा आणि इतकंच सांगा: "हॉस्पिटल इन-नेटवर्क होतं, डॉक्टर आउट-ऑफ-नेटवर्क, हा क्लेम नो सरप्रायझेस ॲक्टखाली येतो. नवं बिल पाठवा, तोवर खातं होल्डवर ठेवा." पलीकडून उत्तर ठरलेलं असतं: "विमा कंपनीने कमी दिले, उरलेले तुमचे." कायद्याने बंदी आहे ती याच 'उरलेल्या'वर. आवाज चढवू नका. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि रेफरन्स नंबर वहीत लिहा. मला तीन फोन लागले. तिसऱ्या वेळी आधीच्या दोघींची नावं तारखांसकट वाचून दाखवली, तेव्हा सुपरवायझर लाइनवर आली. नवं बिल आलं ते २१२ डॉलरचं. जास्त पैसे आधीच भरून झाले असतील, तर ते परत मागण्याचा हक्क आहे.

चूक विमा कंपनीचीही असू शकते. ईओबीवरच क्लेम आउट-ऑफ-नेटवर्क म्हणून लावला असेल, तर तो पुन्हा प्रोसेस करायला सांगा. नाही ऐकलं तर लेखी अपील करा, त्यासाठी नकाराच्या पत्रापासून १८० दिवस असतात. तिथेही हरलात, तर अंतिम नकारानंतर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडे जाता येतं.

दोन्हीकडून टोलवाटोलवी सुरू झाली, की केंद्र सरकारच्या नो सरप्रायझेस हेल्प डेस्कला फोन करा: १-८००-९८५-३०५९. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी यांचे स्वतःचे कायदे याच्याही आधीचे आहेत, तेव्हा तिथल्यांनी राज्याच्या विमा खात्याचं दारही ठोठवावं.

ऑपरेशनआधी: तो एक कागद

भरतीच्या वेळी सह्यांसाठी गठ्ठा पुढे येतो. त्यात 'आउट-ऑफ-नेटवर्क दर मला मान्य आहे आणि मी माझं संरक्षण सोडतो' असा कागद असू शकतो. ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल, तर तो किमान ७२ तास आधी, अंदाजे खर्चासकट द्यावा लागतो. ऐन वेळी ठरलं असेल, तरी किमान तीन तास आधी. भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी आणि नवजात बाळाचे डॉक्टर यांना तर ही सही मागताच येत नाही. इतर कुणी मागितली तर नाही म्हणता येतं, मात्र मग तो डॉक्टर काम नाकारू शकतो. म्हणून ही चौकशी आठवडाभर आधी करा, स्ट्रेचरवर नको.

आई-बाबा आले असतील तर

इथे मात्र सावध. व्हिजिटर इन्शुरन्सला, म्हणजे भेटीला आलेल्या पाहुण्यांसाठी घेतलेल्या विम्याला, या कायद्याचं हे संरक्षण मिळत नाही. त्यातल्या स्वस्त पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देतात, बाकीचं आपल्या डोक्यावर. त्यांच्यासाठी रस्ते वेगळे. ठरवून करायचे उपचार स्वखर्चाने होणार असतील, तर आधी लेखी अंदाजपत्रक मागा. बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त आलं, तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत, २५ डॉलर फी भरून तक्रार करता येते. ईआरची वेळ आलीच, तर हॉस्पिटल ना-नफा आहे का पाहा. अशा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस त्यासाठी अर्ज करता येतो. पाहुण्यांना ती मदत मिळेल का, हे त्या धोरणात वाचा. अर्जाचं उत्तर येईपर्यंत क्रेडिट कार्डावर भरू नका.

आणखी एक. गोपनीयतेच्या नियमांमुळे बिलिंगवाले आई-बाबांच्या परवानगीशिवाय मुलाशी बोलत नाहीत. फोन स्पीकरवर ठेवायचा, आधी त्यांनी नाव आणि जन्मतारीख सांगायची, मग "माझ्या मुलाशी बोला" म्हणायचं. आमच्या बाबांनी आपल्या पद्धतीने दिवस आधी, महिना नंतर असं "फोर, इलेव्हन" सांगितलं. बाईंनी ते अकरा एप्रिल धरलं आणि नोंद जुळत नाही म्हणून फोन ठेवला. पुन्हा चाळीस मिनिटं होल्डवरचं संगीत. दुसऱ्या वेळी बाबांनी "नोव्हेंबर फोर" असं ठणकावून सांगितलं, आणि फोन माझ्याकडे देताना हळूच विचारलं, "तिथी पण सांगू का?"