पान सोडताना येणारी चौकट: या चुका टाळा

अकरावी-डिप्लोमाचे अर्ज सुरू झाले की दादर-परळच्या झेरॉक्सच्या दुकानांत हे हमखास दिसतं. अर्ज भरत आलेला असतो, साइट अडकते म्हणून कुणी रिफ्रेश दाबतं आणि पडद्यावर चौकट येते. संगणकावर बसलेला मुलगा न वाचताच बटण दाबतो आणि शेजारी उभी आई विचारते, "गेलं का रे सगळं?"

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन वेगळ्या चौकटी एकच समजणं.

पहिली 'लीव्ह साइट?' किंवा 'रीलोड साइट?' असं विचारते. केलेले बदल सेव्ह होणार नाहीत, एवढंच ती सांगते. काही भरलंच नसेल तर बिनधास्त 'लीव्ह' दाबा. भरलं असेल तर 'कॅन्सल', मग साइटवरचं सेव्हचं बटण, आणि त्यानंतरच बाहेर.

दुसरी 'कन्फर्म फॉर्म रीसबमिशन'. हिच्याशी जपून वागा. इथे 'कंटिन्यू' म्हणजे आधी पाठवलेली माहिती सर्व्हरकडे पुन्हा पाठवणं. मालमत्ता कर किंवा परीक्षा फी भरल्यावरच्या पानावर ही आली, तर 'कॅन्सल'च करा. बँकेचा मेसेज पाहा, साइटवर पावती किंवा व्यवहाराची स्थिती तपासा. पैसे कापले गेले की नाही याची खात्री होईपर्यंत पुन्हा भरू नका.

दुसरी चूक वैतागातून होते: पहिली, 'लीव्ह साइट?'वाली चौकट कायमची बंद करायला मिळेल ते एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकणं. अशी बरीच एक्स्टेंशन्स सगळ्या साइटवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात. ज्या संगणकावर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक आणि पासवर्ड टाइप होतात, तिथे ही परवानगी अजिबात देऊ नये. क्रोममध्ये ही चौकट बंद करायची साधी सेटिंग नाही. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:कॉन्फिग' (about:config) हे आतल्या सेटिंग्जचं पान उघडून 'डॉम.डिसेबल_बिफोरअनलोड' (dom.disable_beforeunload) हे 'ट्रू' करता येतं. पण मग अर्धवट लिहिलेला मेल किंवा अर्ज बंद करतानाही कुणी अडवणार नाही. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे.

'तुमच्या संगणकात व्हायरस, या नंबरवर फोन करा' असा मजकूर दिसला, तर ती पान सोडतानाची खरी चौकट नव्हे. पूर्वी साइट या चौकटीत हवा तो मजकूर घालत, आणि फसवणारे त्याचा पुरेपूर फायदा घेत. 2016 पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये शब्द ब्राउझरचेच असतात. तेव्हा अशा पानावर कुठलंच बटण दाबू नका. विंडोजवर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात तो टॅब निवडून बंद करा. ब्राउझर पुन्हा उघडताना जुने टॅब परत आणू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मोबाइलवर या चौकटीच्या भरवशावर राहणं हीसुद्धा चूकच. लोकलमध्ये उभ्याउभ्या अर्ज भरताना फोन आला, नेट गेलं किंवा ॲप वर सरकवून बंद झालं, तर इशारा न येताच सगळं जाऊ शकतं. मोठा मजकूर आधी नोट्समध्ये लिहा, मग अर्जात पेस्ट करा.

साइट बनवणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. 'बिफोरअनलोड', म्हणजे पहिली चौकट दाखवणारा कोड, पान उघडताच लावून ठेवू नका. माणसाने काही बदललं तरच लावा, आणि सेव्ह झाल्याबरोबर काढा. सेव्ह केल्यावरही 'बदल जातील' म्हणणाऱ्या साइटमुळेच लोक चौकटी न वाचता दाबायला शिकतात. आणि फॉर्म जमा झाला की थेट पावतीच्या वेगळ्या पानावर रीडायरेक्ट करा. मग रिफ्रेश दाबला तरी फक्त पावतीच पुन्हा उघडते, आणि ती दुसरी चौकट येतच नाही.