टपालाच्या जुन्या गाड्या बदलायच्या कशा: लॉगबुकापासून भंगारापर्यंत

शहरातली टपालाची गाडी किलोमीटर कमी काढते आणि झिजते मात्र जास्त. पन्नास-साठ किलोमीटरच्या फेरीत पत्रपेट्या, उपडाकघरं, आरएमएसचं (रेल्वे डाक सेवेचं) यार्ड असे तीस-चाळीस थांबे. प्रत्येक थांब्याला क्लच, ब्रेक, स्टार्टर आणि दार. मीटरवर सव्वा लाख दिसतात, पण क्लचप्लेट, स्टार्टरचा सोलेनॉइड, फ्लायव्हीलची रिंग आणि सरकत्या दाराचे रोलर यांनी कितीतरी जास्त काम केलेलं असतं. म्हणून नुसतं मीटर बघून बदलीची यादी करू नका.

पुढची माहिती शहरातल्या साधारण वीस छोट्या गाड्यांचा ताफा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. गाड्या मेल मोटर सर्व्हिसच्या, म्हणजे टपाल खात्याच्या स्वतःच्या, असोत किंवा ठेक्यावर टपाल वाहणाऱ्याच्या, पद्धत तीच राहते.

आधी तारखा

पहिला कागद म्हणजे प्रत्येक गाडीच्या आरसीवरची नोंदणीची तारीख. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तिचं नूतनीकरण होत नाही. इंजिन ठणठणीत असलं तरी त्या तारखेनंतर ती गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच भंगारात द्यावी लागते. ठेकेदाराच्या गाडीला ही सक्ती नाही. मात्र व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतं आणि पंधरा वर्षांनंतर त्याची फी इतकी चढते की जुनी गाडी ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

नोंदणी संपायच्या किमान १८ महिने आधी मागणी गेली पाहिजे. मंजुरी, जेमवरची (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची) खरेदी, बॉडी बांधणी, आरटीओ पासिंग या प्रत्येक टप्प्यावर महिने जातात. शेवटच्या सहा महिन्यांत जाग आली तर भाड्याच्या गाड्या लावाव्या लागतात, आणि त्या भाड्याची तरतूद कुठेच केलेली नसते.

कुठली गाडी आधी काढायची

तारीख जवळ आलेल्या गाड्या बाजूला काढल्या की उरलेल्यांचा क्रम खर्चावरून लावा. मागच्या १२ महिन्यांच्या लॉगबुकातून आणि जॉबकार्डांतून चार आकडे काढा: इंधन, सुटे भाग आणि मजुरी, टायर, आणि गाडी उभी होती त्या दिवसांचं बदली गाडीचं भाडं. चौथा आकडा बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच खात्यावर पडतो, म्हणून जुनी गाडी कागदोपत्री स्वस्त दिसते. चारही आकड्यांच्या बेरजेला त्या वर्षीच्या किलोमीटरने भागा. ताफ्याच्या सरासरीच्या दीडपट खर्च येणारी गाडी यादीत वर घ्या.

मग गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. छोटी हातोडी घ्या आणि चॅसिसच्या आडव्या पट्ट्या, मागच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक अडकवणाऱ्या कड्या) जिथे चॅसिसला धरतात ती जागा, केबिनच्या खालचा उंबरा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या ठोकून पाहा. ‘टण्ण’ आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. ‘थप्प’ आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर वेल्डिंग करून पैसे वाया घालवू नका, कारण शॅकलपाशी गंजलेलं चॅसिस जोडाच्या शेजारी पुन्हा तुटतं. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गाड्यांत हा गंज इंजिनाच्या बराच आधी गाडी संपवतो. नागपूर-सोलापूरकडच्या गाडीचं चॅसिस त्या वयात बहुधा धड असतं, तिथे आधी रबरी होज आणि सील जातात. एकच वयोमर्यादा सगळीकडे लावली की हा फरक बुडतो.

फेऱ्या मोजा, मग इंधन ठरवा

आमच्या मते सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. ‘जुन्या दहा गेल्या, तशाच दहा घ्या’ असं सहसा होतं. प्रत्यक्षात जुन्या गाड्या घेतल्या तेव्हा पत्रांच्या थैल्या होत्या. आता पार्सलं वाढली आहेत. ती हलकी असतात पण जागा खातात, त्यामुळे गाडी वजनाने भरायच्या आधी छताला लागते.

प्रत्येक शेड्युलवर, म्हणजे एका गाडीच्या ठरलेल्या फेऱ्यांवर, दोन आठवडे चार गोष्टी लिहून काढा: एकूण किलोमीटर, थांबे, सर्वांत जास्त भरलेली असताना गाडीचा किती भाग व्यापला होता, आणि दोन फेऱ्यांच्या मधे गाडी किती वेळ उभी होती. राखी आणि दिवाळीचे आठवडे वेगळे ठेवा. त्या गर्दीच्या मापाने गाडी घेतली तर वर्षभर अर्धी रिकामी फिरते. तेवढ्या दिवसांपुरती भाड्याची गाडी स्वस्त पडते.

आता डिझेलबद्दल. १ एप्रिल २०२० पासून गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक निकषाच्या, आल्या आणि त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसली. ही काजळी जळायला धुराचं तापमान बराच वेळ चढं राहावं लागतं. पत्रपेट्या काढणाऱ्या फेरीत इंजिन तापतं न तापतं तोच बंद होतं. काजळी साचते, पिवळा दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, मग गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी ती वर्कशॉपला ओढून न्यावी लागते. दोष गाडीचा नसून फेरीचा असतो. बीएस-६ डिझेल गाडी विमानतळ, हायवे, शेजारच्या तालुक्याचं गाव अशा लांब फेरीला लावा. शहरातल्या फेरीला लावावीच लागली तर आठवड्यातून दोनदा तिला लांब फेरी द्या. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे गाडी न थांबता एका वेगात चालवायची, हे चालकाच्या समोर चिकटवून ठेवा.

सीएनजी शहराला चालते. तिच्या दोन अडचणी आधीच हिशेबात धरा. पंपावरची रांग डाक निघण्याच्या वेळेवर आदळते, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते, तेवढे दिवस गाडी उभी राहते. दहाही गाड्या एकाच महिन्यात घेतल्या असतील तर दहांच्या टेस्टही एकाच महिन्यात येतात.

थांबे भरपूर, अंतर कमी आणि रात्री यार्डात मुक्काम असेल तर इलेक्ट्रिक गाडी सर्वांत चपखल बसते. जाहिरातीतला पल्ला मात्र धरू नका. टाटा एस ईव्ही या छोट्या मालवाहू गाडीचं उदाहरण घ्या: २१.३ युनिटची बॅटरी, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ०.१४ युनिट. भरलेली गाडी, चढ आणि गर्दी धरून ०.१८ युनिट समजा. पल्ला ११८ वर येतो. वीस टक्के राखीव ठेवले की साधारण ९५ किलोमीटर उरतात. पाच-सहा वर्षांत बॅटरीची ताकद उतरेल, म्हणून आज ७५ किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या फेरीला ही गाडी लावू नका.

यार्डातली वीज गाडीच्या आधी

गाड्या आल्या आणि मीटर आला नाही, अशी अवस्था सहज होते. वीज मंडळाकडे वाढीव भाराचा अर्ज खरेदीच्या मागणीबरोबरच द्या आणि चार्जिंगसाठी वेगळा मीटर मागा, कारण चार्जिंगचा दर वेगळा असतो.

भाराचा हिशेब असा. दिवसाला ६० किलोमीटर म्हणजे जवळपास ११ युनिट. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून १२. साध्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर पावणेचार तास. वीस गाड्या एकदम लावल्या तर ६६ किलोवॅट लागतात. दहा-दहाच्या दोन पाळ्या केल्या तर ३३ किलोवॅटमध्ये भागतं: रात्री ९ ते पाऊण, आणि पाऊण ते साडेचार. पाळी बदलायला रात्रपाळीच्या माणसाला प्लग काढायला लावू नका. वीसही गाड्यांना सॉकेट द्या आणि पॅनेलमध्ये दोन गट करून टायमर-कॉन्टॅक्टर (ठरल्या वेळी गटाची वीज चालू-बंद करणारा स्विच) बसवा. त्याआधी एक गोष्ट तपासा: वीज जाऊन परत आल्यावर त्या गाडीचं चार्जिंग आपोआप सुरू होतं का? होत नसेल तर टायमरचा उपयोग नाही, आणि सकाळी दहा गाड्या रिकाम्या सापडतील.

प्रत्येक पॉइंटला हे लागेल:

- १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट. घरगुती सॉकेट चार-चार तास १४ अँपिअर वाहून सैल पडतो आणि वितळतो.
- पॅनेलपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर.
- २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), दोन्ही प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र. सगळ्यांना मिळून एकच आरसीसीबी लावला तर एका ओल्या प्लगमुळे सगळी रांग बंद पडते.
- अर्थिंग ५ ओहमच्या आत. उन्हाळ्यात माती कोरडी असताना मोजा.

सॉकेट जमिनीपासून किमान मीटरभर उंच आणि पत्र्याखाली हवा. यार्डात पाणी तुंबत असेल तर आधी उतार दुरुस्त करा. पाण्यात उभी राहिलेली इलेक्ट्रिक गाडी इन्सुलेशन तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. बॅटरीचं खोकं पाणी अडवतं, पण बाहेरचे १२ व्होल्टचे कनेक्टर गंजतात आणि गाडी आठवड्याने बंद पडते.

बॉडी

दार डाव्या बाजूला, फुटपाथकडे. चालकाला रहदारीच्या अंगाने उतरून थैली काढावी लागता कामा नये. मागचा दरवाजा ज्या प्लॅटफॉर्मला लागतो त्याची उंची टेपने मोजून गाडीच्या फळीच्या उंचीशी जुळवा. स्पीड पोस्टाने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं, आणि तेवढं ओझं दिवसातून तीसदा उचलताना फळीच्या उंचीतला वीतभर फरकसुद्धा कमरेला कळतो. आत जाड अ‍ॅल्युमिनियमची खडबडीत फरशी, एलईडी दिवा, केबिनमागे जाळी, आणि बाहेरून कापता येणार नाही असं कुलूप.

पहिली बॉडी बांधून झाली की आत रद्दी पसरा, दारं लावा आणि छतावर व सांध्यांवर पाइपने पंधरा मिनिटं पाणी मारा. कागद जिथे ओला होईल तिथे सीलंट कमी पडला आहे. ही चाचणी पहिल्या गाडीवर करा, दहाही बांधून झाल्यावर नव्हे.

तुकड्या पाडा

अमेरिकेच्या टपाल खात्याने ग्रुमन कंपनीच्या एलएलव्ही नावाच्या टपालगाड्या १९८७ ते १९९४ या काळात एक लाख चाळीस हजारांहून जास्त घेतल्या. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी मजबूत निघाली. २४ वर्षांचं ठरलेलं आयुष्य पुढे ३० पर्यंत ताणलं गेलं. पण सगळ्या गाड्या सात-आठ वर्षांत घेतल्यामुळे म्हाताऱ्याही एकदमच झाल्या. नव्या गाडीचं कंत्राट ऑशकॉश कंपनीला मिळालं फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि पहिल्या गाड्या रस्त्यावर आल्या २०२४ मध्ये. तोवर पत्रवाटप करणारे लोक एसी आणि एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्या उन्हाळ्यात चालवत राहिले. हा त्रास टाळता येतो.

वीस गाड्यांसाठी चार, आठ, आठ अशा तुकड्या पाडा. पहिल्या चारांना एक पावसाळा काढू द्या. जे दोष दिसतील ते दुसऱ्या तुकडीच्या मागणीत दुरुस्त होतील. नवी गाडी एका शेड्युलवर सलग महिनाभर वेळेत चालल्याशिवाय त्या शेड्युलची जुनी गाडी सोडू नका. नोंदणी शिल्लक असलेल्या सर्वांत धड दोन जुन्या गाड्या राखीव ठेवा.

ताब्यात घेताना चॅसिस नंबर कागदाशी जुळवा, टायरच्या कडेवरचा तयार झालेला आठवडा आणि वर्ष वाचा, इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल पहिल्याच दिवशी घेऊन फाइलला लावा. पाच वर्षांनी वॉरंटीचा दावा करताना हाच कागद लागतो.

जुनी गाडी काढताना

निर्लेखनाची, म्हणजे गाडी नोंदवहीतून कमी करण्याची, मंजुरी आली की गाडीचे चारही बाजूंनी, इंजिनाचे आणि खालून फोटो काढा. बॅटरी, पाच टायर आणि जॅक यांची यादी नंबरांसकट करा. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा फोटो न विसरता घ्या. त्यात मौल्यवान धातू असतात आणि यार्डात उभ्या गाडीतून आधी तोच नाहीसा होतो. भंगारासाठी बोली लावणाऱ्याने पाहिलेली गाडी आणि उचललेली गाडी यांत फरक निघाला तर सगळा व्यवहार अडतो.

थकीत ई-चलनं भरा, कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर उतरवा, नाहीतर स्क्रॅपिंग केंद्र गाडी घेत नाही. फास्टॅग बंद करा, इंधन कार्ड ब्लॉक करा, जीपीएस काढून घ्या. लाल रंगावरचं खात्याचं बोधचिन्ह आणि अक्षरं रंगाने पूर्ण झाका. खात्याच्या रंगातली गाडी आरएमएसच्या फाटकावर कुणी अडवत नाही, म्हणून हे काम गाडी फाटकाबाहेर जायच्या आधी उरकायचं.

केंद्राकडून दोन कागद घ्यायचे: गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट आणि ती तोडल्याचं प्रमाणपत्र. ठेकेदाराला पहिल्या कागदावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. दुसरा कागद आला की ‘वाहन’ पोर्टलवर नोंदणी रद्द झालेली दिसते का ते स्वतः उघडून बघा, त्या पानाची प्रत काढा आणि मगच त्या गाडीचं लॉगबुक बंद करा.