फॉस्फटेजच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी

कर्करोगाच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या बहुतेकांना कायनेज, म्हणजे इतर रेणूंवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम, हवं असतं. त्यावर औषधं आहेत, किट आहेत, शंका विचारायला सिनिअर आहेत. फॉस्फटेज, म्हणजे तो फॉस्फेट उतरवणारं एन्झाइम, पदरात पडतं ते बहुधा गाइडच्या सोयीने. तुमचंही तसंच झालं असेल तर हिरमुसू नका, विषय खरंच चांगला आहे. फक्त घोकंपट्टीवर निभावणार नाही.

कायनेज पेशीला पळवतं आणि फॉस्फटेज अडवतं, हे पहिल्या सेमिनारमधलं वाक्य लगेच विसरा. पीटेन हे फॉस्फटेज पीआयपी३ या मेदरेणूवरचा फॉस्फेट काढून एकेटी या वाढीला चालना देणाऱ्या कायनेजला आवरतं, इथवर ठीक. पण एसएचपी२ फॉस्फटेज असूनही रास-ईआरके या वाढीच्या मार्गाचा संदेश पुढेच रेटतं. सीडीसी२५ फॉस्फेट काढूनच सीडीके१ हे पेशीविभाजन सुरू करणारं कायनेज जागं करतं. पीपीएम१डी तर पी५३ या ट्यूमर रोखणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट उतरवून त्यालाच गप्प बसवतं, म्हणजे बिघडलेल्या पेशीला जगायची मुभा. पीपी२ए या फॉस्फटेजबद्दल विचाराल, तर ते एक एन्झाइम नव्हेच. ए, बी, सी अशा सबयुनिटांपैकी, म्हणजे एकत्र जोडल्या जाणाऱ्या भागांपैकी, बी बदलला की लक्ष्य बदलतं. बी५६-अल्फा असेल तर मिक या कर्करोगाला बळ देणाऱ्या प्रथिनाच्या ६२व्या सेरीन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट जातो आणि मिक नष्ट व्हायच्या मार्गाला लागतं. ‘पीपी२ए वाढलं’ असं कुणी म्हणालं की ‘कुठलं?’ एवढंच विचारा.

आता या वाटेवरचा एक खड्डा. माझ्या थिसिसचं एक प्रकरण यातच रुतलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पीपी२एच्या सी सबयुनिटच्या (फॉस्फेट काढणारा भाग हाच) शेवटी ३०७वं टायरोसीन आहे. त्यावर फॉस्फेट लागला की पीपी२ए बंद, असं धरून कितीतरी पेपरांत ‘फॉस्फो-३०७’ची अँटिबॉडी (ती जागा ओळखून धरणारं प्रथिन) वापरली गेली. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत, बँड (पट्टा) गडद दिसला की निष्कर्ष तयार: ट्यूमरमध्ये पीपी२ए निष्क्रिय. पण दोनच घरं पुढे ३०९वं ल्यूसीन आहे, त्यावर एलसीएमटी१ हे एन्झाइम मिथाइल हा छोटा रासायनिक गट लावतं आणि पीएमई१ तो काढतं. बाजारातल्या या अँटिबॉडी नीट तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की त्या फॉस्फेट नसलेल्या शेपटीलाही धरतात, आणि मिथाइल असला की पकड सैल होते. म्हणजे तुमचा गडद बँड निव्वळ मिथाइल गेल्याचा असू शकतो. मिथाइल जाणं म्हणजे एन्झाइम बंद पडणंही नव्हे. मुख्यतः कोणता बी जोडला जाईल, ते त्याने बदलतं. त्यावर कडी म्हणजे ‘एकूण सी’साठीच्या काही अँटिबॉडीही याच शेपटीवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे तुलनेसाठी ज्याने भागायचं तो बँडही हलतो. टायरोसीनच्या जागी फिनाइलॲलनिन घातल्यावर बँड गेला, हाही पुरावा नाही. अँटिबॉडी जिथे बसते ती जागाच तुम्ही बदललीत ना!

करायचं ते सोपं आहे. लायसेटचे, म्हणजे पेशी फोडून मिळालेल्या द्रवाचे, भाग करा. एकाला सोडियम हायड्रॉक्साइड देऊन मिथाइल उडवा आणि मग उदासीन करा. दुसऱ्याला आधीच उदासीन केलेलं मिश्रण द्या. दोन्ही शेजारी चालवा. पहिल्यात बँड उसळला तर अँटिबॉडी मिथाइल वाचते आहे. तिसरा भाग लॅम्डा फॉस्फटेजने धुवा. तरी बँड तसाच राहिला तर तो फॉस्फेटचा नव्हता.

गाइड म्हणतील, ‘सगळे हीच वापरतात.’ वाद घालू नका, ब्लॉट पुढ्यात ठेवा. स्वतःचे फसलेले ब्लॉट दाखवणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका. जुन्या पेपरातली पद्धत जशीच्या तशी उचलणं हा मात्र शॉर्टकट नव्हे, आळस आहे.

पीपी२ए रोखायला वापरतात त्या ओकाडाइक आम्लावरही एकट्याने भिस्त नको. ते पीपी४ आणि पीपी६ या दुसऱ्या फॉस्फटेजांनाही रोखतं. शेवटी क्रियाशीलताच मोजावी लागते. त्या नमुन्यात सवयीने फॉस्फटेज इन्हिबिटर टाकू नका, आणि मॅलाकाइट ग्रीन (मोकळा फॉस्फेट असला की हिरवा दिसणारा रंग) वापरणार असाल तर शेवटचे वॉश फॉस्फेट बफरने देऊ नका. नाहीतर प्लेटमधली रिकामी विहीर (वेल)सुद्धा हिरवी होईल.