वाटेवरची खाणावळ, शेतावरचं दुकान आणि डिकीतला माल

आवडीच्या खाणावळीसाठी वाट वाकडी करून जावं आणि शटर खाली दिसावं. शेतावरून घेतलेली कोवळी पालेभाजी घरी पोचेपर्यंत डिकीत उकडून निघावी. प्रवासात या दोन निराशा सगळ्यात जास्त वाट्याला येतात आणि दोन्ही टाळता येतात. छोटी खाणावळ पातेलं रिकामं झालं की बंद होते. शेतावरच्या दुकानात सकाळी जेवढं तोडलं तेवढंच दिवसभर विकायला असतं. त्यामुळे प्रवासाची वेळ त्यांच्या वेळेला जुळवावी लागते. एकदा माल हातात आला की तो किती तास टिकेल याचा हिशेब सुरू होतो.

निघण्याआधी

नकाशाच्या ॲपवर जागा जतन करणं सोपं आहे, पण खरा उपयोग त्याखाली लिहिलेल्या टिपणाचा होतो. आठवड्याची सुट्टी कधी, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, रोख चालते की कार्ड, गाडी कुठे लावायची, कोणत्या महिन्यात काय मिळतं, एवढं तरी नोंदवा. दार बंद होण्याची वेळ आणि शेवटची ऑर्डर घेण्याची वेळ यांत बऱ्याच ठिकाणी अर्ध्या ते एक तासाचा फरक असतो. नऊला बंद होणाऱ्या ठिकाणी पावणेनऊला पोचलात तर चहावर भागवावं लागेल.

इंटरनेटवर दिसणाऱ्या वेळांवर सणासुदीला आणि कापणीच्या दिवसांत विसंबू नका. त्याच दिवशी सकाळी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: आज उघडं आहे का, शेवटची ऑर्डर कितीला, आणि ज्या पदार्थासाठी येतोय तो आज केलाय का. सहाहून जास्त माणसं असतील तर तेही आधीच सांगा. पदार्थ बाजूला ठेवायला सांगितला आणि बेत बदलला, तर कळवायला विसरू नका. छोट्या जागी एक ठेवलेलं ताटसुद्धा मोजून ठेवलेलं असतं. शेतांच्या बाजूला मोबाईलला रेंज नसते, म्हणून त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. काही शेतांवर विक्रीला माणूस नसतो, पैसे पेटीत टाकायचे असतात. त्यासाठी सुट्टे पैसे जवळ हवेत.

थांब्यांचा क्रम

साधा नियम असा: आधी खाणं, मग खरेदी. खरेदीतही थंड ठेवावं लागणारं सगळं घराच्या सर्वात जवळच्या थांब्यावर घ्या. अडचण एवढीच, की चांगला माल सकाळी असतो आणि आपण परत फिरतो संध्याकाळी. यावर उपाय म्हणजे जाताना दुकानात थांबून किंवा फोनवर माल सांगून ठेवायचा आणि परतीच्या वाटेवर उचलायचा. बटाटे, कांदे, कडधान्यं, पीठ, मध अशा गोष्टी सकाळी घेतल्या तरी चालतात, फक्त सावलीत ठेवा. उन्हात उभ्या बंद गाडीत आतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढतं. काच दोन बोटं उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

खाणावळीत

गर्दी सुरू होण्याच्या थोडं आधी पोचा, ओसरल्यानंतर नको. जेवणाच्या दोन वेळांमधल्या रिकाम्या तासांत अन्न नुसतं पडून असतं. गर्दी म्हणजे चव उत्तमच असेल असं नाही, पण खप भराभर होतोय आणि पातेलं पुन्हा पुन्हा चढतंय, हे नक्की समजावं. छोटी यादी पाहून नाराज होऊ नका. चार पदार्थ करणारं स्वयंपाकघर ते चार रोज ताजे करतं. चाळीस पदार्थ आणि आत एकच माणूस, असं दिसलं तर मात्र जपून.

शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधल्या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. थर्मामीटर काढायची गरज नाही. वाढलेल्या ताटातून वाफ निघते का बघा. उघड्या ट्रेमधलं कोमट अन्न सोडून द्या आणि ताजं करून देता का, असं सरळ विचारा.

पार्सल घेताना कुरकुरीत पदार्थ आणि रस्सा वेगळे बांधून घ्या. कुरकुरीत पदार्थाचं झाकण पाच मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर आतली वाफच त्याला मऊ करते. पार्सल दोन तासांत संपवा. बाहेर ३२ अंशांहून जास्त ऊन असेल तर तासाभरात. भाताबाबत हे कटाक्षाने पाळा. भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि भात कोमट पडून राहिला की विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

शेतावरच्या दुकानात

पहिला प्रश्न: ‘यातलं तुमच्या शेतातलं काय, आणि आज काय तोडलंय?’ घाऊक बाजारातून आणलेला मालही अशा दुकानांत शेजारीच मांडलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण त्यासाठी लांबवर थांबायचं कारण नाही. हंगाम नसलेलं फळ दिसलं, किंवा सगळे नग एकाच आकाराचे आणि कागदी स्टिकर लावलेले असले, तर उत्तर समोरच आहे.

ताजेपणा पानांपेक्षा कापलेल्या देठावर नीट कळतो. पानांवर पाणी शिंपडून ती टवटवीत दाखवता येतात, देठाला तसं करता येत नाही. कोबी किंवा सॅलडचा गड्डा उलटा करा. कापलेला भाग ओलसर आणि फिकट असेल तर आजचा, कडा तपकिरी होऊन सुकू लागल्या असतील तर कालचा किंवा परवाचा. नखाने हलकं दाबून पाहिलं की ताज्या देठातून रस येतो. मुळा, गाजर, बीट पाल्यासकट मिळाले तर छानच, कारण पाल्यावरून ताजेपणा लगेच समजतो. मात्र घेतल्याबरोबर पाला पिरगाळून काढा, दोन सेंटिमीटर देठ राहू द्या. पाला मुळातलं पाणी ओढत राहतो आणि संध्याकाळपर्यंत गाजर लवचीक होतं.

मक्याची कणसं आणि मटार तोडल्या क्षणापासून गोडी गमावू लागतात. आतली साखर पिठूळ होत जाते आणि उष्णतेत हे फार भराभर होतं. ती सोलून ठेवू नका, थंड ठेवा आणि त्याच रात्री खा.

अंड्यांबाबत एकच विचारा: धुतलेली की न धुतलेली? न धुतलेल्या अंड्यावर नैसर्गिक लेप असतो, तो कवचाची छिद्रं झाकतो. धुतलेली अंडी थंडच ठेवावी लागतात. आणि एकदा थंड केलेली अंडी उबेत आणली की कवचावर दव जमतं आणि त्यातून जंतू आत शिरू शकतात. म्हणून दुकानात ती फ्रिजमध्ये असतील तर गाडीतही बर्फाच्या पेटीतच ठेवा.

कच्चं दूध घेतलं तर पिण्याआधी उकळलंच पाहिजे. कच्च्या दुधाचं मऊ चीज गरोदर बाईने खाऊ नये. मध एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये. मध गोठलेला दिसला म्हणजे भेसळ, हा गैरसमज आहे. बरणी साधारण ४० अंशांच्या पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. घरगुती बरण्यांत तेलात बुडवलेला कच्चा लसूण असेल आणि ती बरणी फ्रिजबाहेर ठेवलेली असेल, तर घेऊ नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे अत्यंत घातक विष तयार होऊ शकतं. त्याला वासही येत नाही.

बर्फाची पेटी

१ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात ४ लिटर पाणी २५ अंशांवरून ५ अंशांवर येतं. म्हणजे कोमट दुधाच्या चार बाटल्या पेटीत टाकल्या तर किलोभर बर्फ नुसता त्यांना गार करण्यातच संपला, टिकवायला काही उरलं नाही. म्हणून थंडच असलेला माल घ्या. पेटी आदल्या रात्री थंड करून ठेवा. साधारण दोन भाग मालाला एक भाग बर्फ धरा. पाण्याच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून गोठवल्या तर बर्फ वितळून माल भिजत नाही आणि पाणी प्यायलाही होतं. थंड हवा खाली उतरते, म्हणून बर्फाचा मोठा भाग वर ठेवा. उरलेल्या पोकळीत टॉवेल कोंबा. पेटी डिकीपेक्षा एसी लागणाऱ्या भागात, सीटमागे बरी.

सगळंच पेटीत घालायचं नाही. टोमॅटो, केळी, काकडी जास्त थंडीने बिघडतात. त्यांना सावली पुरते. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो इथिलीन वायू सोडतात, त्याने पालेभाजी पिवळी पडते आणि गाजर कडू होतं. हे दोन गट गाडीच्या दोन टोकांना ठेवा. पालेभाजी पिळलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळा. पाणी टपकत असेल तर ती सडेल. मऊ फळं पसरट डब्यात एकाच थरात, न धुता. बटाट्यांवर फडकं टाका, उजेडाने ते हिरवे आणि विषारी होतात.

विमान आणि सीमा

हातातल्या सामानात मध, जॅम, मऊ चीज ही द्रवातच धरली जातात. बहुतेक विमानतळांवर अजूनही १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, म्हणून बरण्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. अमेरिकेत उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. जाहीर करून जप्त झाला तर फक्त पदार्थ जातो, लपवला तर दंड होतो. ताज्या फळांतून कीड देशात शिरू नये, हे या कडकपणामागचं एक कारण आहे. फळं सीमेआधीच खाऊन संपवा.

घरी पोचल्यावर

बॅगा नंतर उतरवा, आधी पेटी. दूध, चीज, अंडी फ्रिजमध्ये. मका आणि मटार त्याच रात्रीच्या जेवणात. पाला मलूल झाला असेल तर देठाचं टोक नव्याने कापा, १५ ते २० मिनिटं गार पाण्यात बुडवा, पाणी निथळू द्या आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मऊ फळांतलं दबलेलं एक फळ शेजारच्यांनाही बिघडवतं, ते आजच वेगळं काढा.