बकेट ट्रकचा रिकॉल: नोटीस येण्याआधी आणि आल्यावर काय तयार ठेवायचं

अमेरिकेत वीज कंपनीच्या, झाडं छाटणाऱ्या कंत्राटदाराच्या किंवा एखाद्या छोट्या शहराच्या ताफ्याची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर बकेट ट्रकच्या रिकॉलची तयारी नोटिशीची वाट न पाहता सुरू करा. बकेट ट्रक म्हणजे बूम या लांब यांत्रिक हाताच्या टोकाला माणूस उभा राहायची बादली असलेली गाडी, आणि रिकॉल म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीने ती दुरुस्तीसाठी परत मागवणं. टर्नटेबलच्या, म्हणजे बूम ज्यावर फिरते त्या बैठकीच्या, वेल्डिंगला तडा गेला किंवा बूमच्या कोपराची पिन निसटली, तर रोजचंच साधं काम चालू असताना माणूस बकेटसकट खाली येतो. आणि त्याने घातलेला हार्नेस अशा वेळी त्याला वाचवू शकत नाही, कारण दोरीचं दुसरं टोक त्याच बूमला किंवा बकेटला अडकवलेलं असतं. ओशा या कामगार सुरक्षा पाहणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या नियमाप्रमाणे हार्नेस हवाच, त्यात सूट नाही. पण बूमच मोडली तर त्याचा उपयोग संपतो. म्हणून हे काम कागदोपत्री उरकायचं नाही.

पहिलं काम नंबर गोळा करण्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. बकेट ट्रक एका कंपनीचा नसतो. चॅसिस एकाची, बूम दुसऱ्याची, आणि दोन्ही जोडून गाडी पुरी करणारा बऱ्याचदा तिसरा. चॅसिसचा सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, दाराच्या चौकटीवर आणि डॅशबोर्डवर असतो, तो सगळ्यांकडे लिहिलेला सापडतो. बूमची प्लेट वेगळी असते: मॉडेल, सीरियल नंबर, किती वजन पेलते, इन्सुलेटेड (वीजरोधक) आहे की नाही हे सगळं त्यावर. ही प्लेट प्रत्येक ट्रकपाशी स्वतः जाऊन वाचा आणि फोटो काढा. पुन्हा रंगवलेल्या जुन्या गाडीवर ती रंगाखाली दडलेली असते. रंग पुसून नंबर वाचता आला नाही तर बूमच्या कंपनीला विचारा, अंदाजाने लिहू नका. सांगाड्याच्या दोषाचा रिकॉल बहुतेक वेळा बूमच्या सीरियल नंबरांवरून ठरतो आणि तोच नंबर बहुतेक ऑफिसांत नसतो.

याच कारणाने नुसता व्हीआयएन टाकून शोध घेतला की फसगत होते. वाहन सुरक्षेचा कारभार पाहणाऱ्या एनएचटीएसए या केंद्रीय संस्थेच्या साइटवर व्हीआयएनवरून शोध घेता येतो, पण त्यासाठी माहिती पुरवण्याची सक्ती मोठ्या प्रमाणावर हलकी वाहनं किंवा मोटरसायकली बनवणाऱ्यांवर आहे. त्यामुळे ‘रिकॉल नाही’ असं उत्तर आलं, तरी बूमबद्दल त्यातून काहीच कळलेलं नसू शकतं. बूमच्या कंपनीच्या नावाने वाहनं आणि उपकरणं अशा दोन्ही विभागांत शोधा. रिकॉल क्रमांकात वर्षाच्या दोन आकड्यांनंतर व्ही असेल तर ते वाहन, ई असेल तर उपकरण. मग सीरियल नंबरांची यादी बूमच्या कंपनीला पाठवून लेखी उत्तर मागवा. फोनवर मिळालेलं ‘काही नाही’ फाइलला लावता येत नाही.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे जास्तच मनावर घ्या. नवीन गाडी रिकॉलचं काम बाकी असताना विकायला डीलरला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, वापरलेल्या गाडीला ती नाही. लिलावात घेतलेल्या ट्रकची नोटीस आधीच्या मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडलेली असू शकते. बूमच्या कंपनीला नव्या मालकाचं नाव, पत्ता आणि सीरियल नंबर कळवणं ए९२.२ या अशा गाड्यांसाठीच्या अमेरिकी मानकानुसार तुमचं काम आहे. लीजवर घेतलेली असेल, तर नोटीस आल्यापासून दहा दिवसांत तिची प्रत तुम्हाला पाठवणं मालकावर बंधनकारक आहे. कराराच्या वेळीच प्रत कोणाच्या नावाने पाठवायची हे सांगून ठेवा. दिवसाच्या भाड्याने आणत असाल तर स्वतः विचारा. रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देऊ नये हा २०१५ चा कायदा फक्त १०,००० पौंडांपर्यंतच्या एकूण वजनक्षमतेच्या वाहनांना लागू आहे, आणि बहुतेक बकेट ट्रक त्याहून जड असतात.

नोटीस हातात पडली की पाकिटावर तारीख टाका आणि त्याच दिवशी त्या रिकॉलचा ‘५७३ अहवाल’, म्हणजे कंपनीने एनएचटीएसएला दिलेला दोषाचा अहवाल, एनएचटीएसएच्या साइटवरून उतरवून घ्या. पत्रात थोडक्यात लिहिलेलं असतं. अहवालात कुठला भाग, कुठले नंबर, दोष कसा लक्षात आला याचा तारीखवार वृत्तांत असतो. दोष ठरल्यावर कंपनीला पाच कामकाजी दिवसांत एनएचटीएसएला कळवावं लागतं, आणि मालकांना साठ दिवसांत. दुरुस्ती तयार नसली तरी पत्र येतं, म्हणजे पहिल्या पत्रात उपाय नसेलच असं धरून पर्यायी गाडीची सोय आधीच बघून ठेवा. त्या पर्यायी गाडीचाही बूम नंबर तपासायचा, हे सांगायला नको.

पत्रात वापर थांबवा असं असेल तर थांबवा. खाली उभं राहून चालवायच्या कंट्रोलवर आणि बकेटमधल्या कंट्रोलवर दोन्हीकडे ‘वापरू नका’ असा टॅग लावा, चावी एकाच माणसाकडे द्या. ‘आज फक्त वीस फुटांचंच काम आहे’ हे ऐकून घेऊ नका. वीस फुटांवरून पडूनही माणूस मरतो. तपासणी करून वापरायची मुभा असेल, तर ती पत्रात लिहिलेल्या पद्धतीने आणि तितक्याच वेळा करा.

ही तपासणी कशी दिसते ते नीट समजून घ्या. आधी ग्रीस आणि धूळ पुसा, नाहीतर पाहण्यात अर्थ नाही. टॉर्च समोरून न मारता तिरका धरा, म्हणजे केसाएवढी रेघही सावली टाकते. वेल्डिंगची कड जिथे मूळ पत्र्याला मिळते तिथे रंग फुटलेला असेल आणि त्या फटीतून तांबूस ओघळ उतरला असेल, तर खाली पोलाद हललंय असं समजा. पिनपाशी तिला धरून ठेवणारी पट्टी सरकलीय का, बोल्टवर मारलेली खुणेची रेघ जुळते का, पिनभोवती लोखंडाचा बारीक भुगा साचलाय का हे बघा. शंका आली की काम थांबवून डोळ्यांना न दिसणारा तडा शोधणारी चुंबकीय कणांची किंवा डाय पेनिट्रंटची (रंगीत द्रवाची) चाचणी करणाऱ्याला बोलवा. ग्राइंडर फिरवायचा नाही, वरून वेल्डिंगचा एक टाका मारून भागवायचं नाही. त्याने तडा झाकला जातो आणि पुढे कंपनीला दोषाचं मूळ सापडत नाही.

पैशांची तयारी ठेवा. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते खरी, पण पहिल्या खरेदीपासून पंधरा वर्षं उलटून गेल्यावर नोटीस निघाली, तर फुकट करून देण्याची कायदेशीर सक्ती कंपनीवर उरत नाही. बकेट ट्रक त्याहून जास्त वर्षं सर्रास वापरात असतात, आणि तडे जुन्या लोखंडालाच जास्त जातात. मला हा कायद्यातला सगळ्यात मोठा खड्डा वाटतो. तरीही कंपनीला विचारा, आणि नाही म्हणाले तर दुरुस्तीचा खर्च की गाडी निकाली काढायची, याचा निर्णय लगेच घ्या. ट्रक अंगणात तसाच उभा राहिला की एखाद्या वादळानंतरच्या गर्दीत कोणीतरी तो बाहेर काढतो.

दुरुस्तीच्या दिवशी कोणी काम केलं, कुठला सुटा भाग बसवला, वेल्डिंगची चाचणी झाली का, हे लिहून सहीनिशी घ्या. इन्सुलेटेड बूम उघडली गेली असेल तर ती वीज अडवते का हे पाहणारी डायइलेक्ट्रिक चाचणी पुन्हा करून घ्या. गाडी परत आल्यावर रोज वर जाणाऱ्या लोकांना बोलावून बदललेला भाग दाखवा, स्पॅनिश बोलणारे असतील तर स्पॅनिशमध्ये समजावण्याची सोय करा.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ येऊन रिकॉलची तरतूद झाली आहे. पण रस्त्यावरचे दिवे बदलणाऱ्या गाड्यांची चॅसिस आणि वरचा हायड्रॉलिक सांगाडा इथेही सहसा वेगळ्या कंपन्यांचे असतात, तेव्हा नगरपालिकेच्या निविदेतच दोन्ही नंबर मागा आणि दोषाची सूचना लेखी कळवण्याची अट पुरवठादाराला घाला.

गाडी विकताना सगळी फाइल नव्या मालकाला द्या: प्लेटचा फोटो, कंपनीची लेखी उत्तरं, दुरुस्तीच्या पावत्या, आणि रिकॉलचं काही काम बाकी असेल तर तेही सौदा ठरायच्या आधी लिहून.