संगीताला कात्री न लावता: कविता आणि वाद्यवृंदावर युद्धाचा लघुपट

युद्धावर बिनसंवादाचा लघुपट करायला निघालेले बहुतेक जण आधी दृश्यं गोळा करतात, ती जोडतात आणि शेवटी खाली संगीत घालतात. काम तिथेच बिघडतं. या प्रकारात संगीत हीच पटकथा असते.

ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मन यांचा १९८९चा चित्रपट ‘वॉर रिक्विएम’ हा त्याचा ठळक दाखला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल १९४०च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. शेजारी नवं उभं राहिलं, तेव्हा १९६२ साली संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची याच नावाची रचना तिथे पहिल्यांदा सादर झाली. मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना आणि पहिल्या महायुद्धातले सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन यांच्या युद्धकविता तिच्यात एकत्र गुंफल्या आहेत. डेक्का कंपनीचं १९६३चं ध्वनिमुद्रण जार्मन यांना मिळालं ते एका अटीवर: त्यावर दुसरा कुठलाही आवाज चढवायचा नाही. त्यामुळे संगीत सुरू झाल्यावर बंदुकीचा बार नाही, किंकाळी नाही, संवाद नाही. अभिनेते लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या आवाजातली कविता आधीच, प्रास्ताविकात येऊन जाते. तुमच्यावर कुणी अशी अट घातली नसली, तरी ती स्वतःहून पाळा.

रचना आणि हक्क

पहिल्या प्रयत्नाला सहा ते आठ मिनिटांची, सलग वाजणारी रचना घ्या. मोठ्या रचनेतून मधलेच तुकडे उचलू नका. सांधा कान लगेच पकडतो.

हक्क दोन थरांत असतात, आणि गोंधळ इथेच होतो. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. ब्रिटन १९७६ साली वारले, म्हणजे त्यांचं १९६३चं ध्वनिमुद्रण इथे मुदतीबाहेर गेलं असलं तरी रचना २०३६ अखेरपर्यंत हक्कात आहे. इतर देशांत मुदती वेगळ्या असतात, त्यामुळे लघुपट परदेशातल्या महोत्सवाला पाठवायचा असेल तर तिथला नियमही बघा.

सुरुवातीसाठी आमची शिफारस इंग्रज संगीतकार जॉर्ज बटरवर्थ यांची ‘द बँक्स ऑफ ग्रीन विलो’. १९१३ची, लहान वाद्यवृंदासाठीची, सुमारे सहा मिनिटांची रचना. बटरवर्थ स्वतः ५ ऑगस्ट १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारले गेले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ला, शस्त्रसंधीच्या आठवडाभर आधी. दोघांचंही लेखन आता मुक्त आहे. ध्वनिमुद्रण मात्र मुदतीबाहेरचं तरी शोधा, नाहीतर लेखी परवानगी घ्या. कविता मराठीत हवी असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नका.

कानाने नकाशा

कॅमेरा उचलण्याआधी रचना डोळे मिटून तीनदा ऐका. चौथ्यांदा कागदावर चार रकाने पाडा: वेळ, कोणतं वाद्य किंवा आवाज, चढ की उतार, श्वास. श्वास म्हणजे जिथे संगीत क्षणभर थांबतं ती जागा. सहा मिनिटांत अशा जागा मोजक्याच सापडतात, आणि तुमचे सगळ्यात महत्त्वाचे कट तिथेच पडणार आहेत. दृश्यांची कल्पना या कागदावर पाचव्या ऐकण्यानंतरच लिहा.

प्रत्येक ठोक्यावर कट मारला की युद्धपटाची जाहिरात होते. सहा मिनिटांना २५ ते ३५ शॉट पुरतात. मोठ्या आघातावर कट हवाच असेल तर तो दोन फ्रेम आधी टाका. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर हे ८० मिलिसेकंद होतात. नवं चित्र डोळ्यांत बसायला तेवढा अवधी मिळतो आणि आघात चित्राच्या आतून आल्यासारखा वाटतो. उलट, संगीत सगळ्यात जास्त उसळतं तिथे न कापता थांबणं अधिक परिणामकारक ठरतं. जार्मन यांनी लॅटिन प्रार्थनेच्या ‘सांक्टुस’ विभागात अभिनेत्री टिल्डा स्विंटन यांच्यावर कॅमेरा एका लांबलचक शॉटमध्ये रोखून धरला आहे. चेहरा आणि हात, बाकी काही नाही. असा शॉट मोबाइलवर घेताना फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर मधेच प्रकाश आपोआप कमी-जास्त होतो आणि सगळं वाया जातं.

चित्रीकरणाच्या जागी संगीत वाजवाच. संथ गतीसाठी ५० फ्रेमवर घेताना ते दुप्पट वेगाने वाजवा, म्हणजे २५वर दाखवताना हालचाल मूळ लयीत बसेल. नकली बंदुका उघड्यावर न्यायच्या असतील तर जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा.

जुनं फुटेज

पहिल्या महायुद्धातली दृश्यं हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, साधारण सेकंदाला १६ ते १८ फ्रेमने घेतलेली असतात. ती २५वर चालवली की सैनिक दीडपट वेगाने तुरुतुरु चालतात, आणि मरायला निघालेली माणसं प्रेक्षकांना हास्यास्पद दिसतात. एवढी एक चूक अख्खा चित्रपट बुडवते.

आधी बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. दर दोन-तीन फ्रेमनंतर तेच चित्र पुन्हा येत असेल, तर संग्रहालयाने वेग आधीच सुधारलेला आहे; आणखी संथ केलंत तर चित्र अडखळेल. पुनरावृत्ती नसेल आणि क्लिप २५ची असेल, तर वेग ६४ टक्के करा. पडताळा सोपा आहे: सपाट रस्त्यावर संचलन करणाऱ्या ब्रिटिश तुकडीची पावलं १० सेकंदांत १८ ते २० भरायला हवीत. मधल्या फ्रेम स्वतः रचणारी ‘ऑप्टिकल फ्लो’ सोय बंद ठेवा. तिने चालत्या माणसांचे पाय वितळल्यासारखे होतात. चौकोनी चित्र ताणून रुंद करू नका, दोन्ही बाजूंना काळं राहू द्या.

खरं आणि रचलेलंही ओळखा. १९१६च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’मधला खंदकातून वर चढतानाचा गाजलेला प्रसंग आघाडीवर टिपलेला नाही, तो मागे प्रशिक्षणाच्या जागी उभा केलेला आहे. वापरा, पण ‘प्रत्यक्ष लढाई’ अशी पाटी लावू नका. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत महायुद्धावर गेलेल्यांचा आकडा कोरलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. तिरप्या सकाळच्या उन्हात त्या घ्या, अक्षरं तेव्हाच उठून दिसतात.

कविता

गायनावर वाचन कधीच नाही. संगीताआधी वाचा किंवा अक्षरांत दाखवा. सुनीत (सॉनेट) या काव्यप्रकाराएवढ्या १४ ओळींना सव्वा मिनिट धरा. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटर, किंचित बाजूला. सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. अक्षरांसाठी देवनागरी फाँट निवडताना ‘राष्ट्र’ आणि ‘मृत्यू’ लिहून बघा. काही संपादन प्रणालींत जोडाक्षरं फुटतात, उकार खाली कापले जातात.

मिश्रण

हळू जागा हळूच ठेवा. कंप्रेसर, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारी सोय, लावला की सनईसारख्या क्लॅरिनेटची एकटी सुरावट आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच उंचीवर येतात. सरासरी पातळी उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) जवळ, शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. सभागृहात आधी सगळ्यात मोठा भाग वाजवून आवाज ठरवा आणि नंतर बटणाला हात लावू नका. सुरुवातीच्या हळू सुरांवरून आवाज ठरवला, तर मधल्या चढाला स्पीकर फाटतात.